निवासी, अनिवासी आणि पाव्हणा

परदेशी गेलेला माणूस सुट्टीत चार दिवस घरी येतो तेव्हा तो घरचा असतो की पाहुणा, या प्रश्नाचा निकाल एकाही धर्मशास्त्रानं दिलेला नाही. आपल्या शास्त्रीपंडितांनी समुद्र ओलांडू नये एवढं सांगून स्वतःची सुटका करून घेतली होती. जाऊच नये म्हटलं की परत आलेल्याचं काय करायचं हा प्रश्नच उरत नाही. तरी जायचे ते जातच राहिले. मग परत आलेल्याला प्रायश्चित्त देऊन पंक्तीत घ्यावं अशी तोड निघाली. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत सांगावं लागलं, की मी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. म्हणजे गेलेला माणूस परत येताना दुसराच कुणीतरी होऊन येतो, ही शंका आपल्याकडे तेव्हापासूनची. आता प्रायश्चित्त गेलं आणि त्याच्या जागी जेटलॅग आला. त्याचेही तीन-चार दिवस पाळावे लागतात, आणि तेवढे दिवस माणसाला पंक्तीत घेता येत नाहीच, कारण पंक्ती बसते तेव्हा तो झोपलेला असतो.

बँकेनं मात्र हा प्रश्न केव्हाच सोडवून टाकला आहे. गेली वीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे एवढं खात्रीनं सांगू शकतो. नोकरीसाठी माणूस परदेशी गेला की आमच्या लेखी तो 'अनिवासी'. त्याचं साधं बचत खातं साधं राहत नाही, ते एन.आर.ओ. करून घ्यावं लागतं. आयकर खातं तर त्याहून सरळ. सुट्टीवर येणारा माणूस वर्षातले १८२ दिवस देशात राहिला तर निवासी, १८१ राहिला तर नाही. (यात पोटकलमं पुष्कळ आहेत. पण ती सांगायला लागलो तर तुम्ही पान उलटाल. काउंटरवरच्या लोकांना उलटायला पान नसतं म्हणून ते ऐकून घेतात.) एवढा स्वच्छ कायदा असताना माणसं घराघरांतून त्याच प्रश्नावर डोळ्यांत पाणी का आणतात, हे आयकर खात्याला कळणार नाही. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमातही ते नव्हतं.

आमचा धाकटा अमेरिकेत असतो. कॉम्प्युटरमधलं काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मी मान हलवली आहे. तो दर दोन वर्षांनी डिसेंबरात, मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की, अठरा दिवसांसाठी चंद्रपूरला येतो. चार तिकिटांचा खर्च बघता दरवर्षी येणं शक्य नाही, आणि दोन वर्षांपेक्षा जास्त थांबणं आईला शक्य नाही. बँकेतही दोन वर्षं खातेदारानं स्वतः काही उलाढाल केली नाही तर खातं 'निष्क्रिय' होतं. हा योगायोग मी त्याला कधी बोलून दाखवलेला नाही. मात्र २०२१ ची त्याची खेप कोरोनानं बुडवली आणि तो २०१९ नंतर एकदम २०२३ साली उगवला, तेव्हा निष्क्रिय खात्याला लागतं तसं सारं नव्यानं करावं लागलं. नागपूरच्या विमानतळावर आईनं त्याच्या पाठीवरून, दंडावरून आणि कानशिलावरून हात फिरवला. त्याहून कडक के.वाय.सी. मी आमच्या बँकेत पाहिलेली नाही.

हे सगळं लिहितो आहे ते या २०२३ च्या खेपेबद्दल.

तो डिसेंबरात येतो म्हणून आमच्याकडे दिवाळी डिसेंबरात होते. तशी ती ऑक्टोबर-नोव्हेंबरातही होते, पण ती केवळ पंचांगाचा मान ठेवण्यापुरती. करंज्या, अनारसे, चकल्या हा खरा ऐवज धाकट्याचं विमान उतरण्याच्या बेतानं तळायला घेतात. आकाशकंदीलही तेव्हाच पुन्हा माळ्यावरून खाली येतो. समोरच्या घरी नव्यानं राहायला आलेल्या गृहस्थांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "तुमच्याकडे नाताळाचा तारा लावतात वाटतं?" सण तिथीवर असतो की माणसांवर, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. आईच्या मते सण हजेरीवर असतो.

दुसरी तयारी कमोडची. आईच्या गुडघ्यांसाठी विलायती संडास बसवून घेऊ असं मी आणि माझी बायको तीन वर्षं म्हणत होतो, आणि आई तीन वर्षं "कशाले तो खर्च? मी का मडम आहो?" म्हणून उडवून लावत होती. "नातू येऊन राह्यले" म्हटल्याबरोबर आठ दिवसांत मिस्त्री आला, फरशी फुटली, कमोड बसला, वर नळीचा फवारासुद्धा आला. नातवांनी तो अठरा दिवस वापरला. त्यानंतर आजतागायत तो कोण वापरतं हे मी सांगत नाही. सांगितलं तर घरात राहणं कठीण होईल.

अशा प्रसंगी जो घरीच राहतो त्या मुलाची स्थिती मोठी शास्त्रीय असते. मी रोज घरी असतो. रोज दिसणाऱ्या वस्तूवर कुणी हार घालत नाही. धाकटा आला की पाटावर रांगोळी, ताटाला महिरप, आणि पातोडीच्या भाजीतली वरची तर्री त्याच्या वाटीत. मी कुरकुर करत नाही. फक्त निरीक्षण नोंदवतो. आईचं आणि माझं रोजचं संभाषण 'गोळी घेतली का', 'घेतली', 'नळ आला का', 'गेला' असं पासबुकातल्या नोंदींसारखं चालतं. सगळं त्यात असतं, पण ते वाचत कुणी बसत नाही. धाकट्याचं मात्र पत्रासारखं. पहाटे चार वाजता त्याला झोप येत नाही आणि आईला म्हातारपणामुळं येत नाही. मग दोघं स्वयंपाकघरात चहा करून बसतात आणि गावाकडच्या धानाच्या बांधीपासून वारलेल्या म्हशीपर्यंत सगळ्यांची चौकशी होते. त्या पहाटेच्या बोलण्यावर माझा हक्क नाही. तो त्यानं बारा हजार किलोमीटरवरून येऊन कमावलेला असतो.

पण पाहुणा म्हणावं तर अतिथी या शब्दाचाच घोळ आहे. येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी. धाकट्याच्या येण्याचीच नव्हे तर जाण्याचीही तिथी सहा महिने आधी ठरलेली असते, आणि ती फ्रीजवर चुंबकानं लावलेली असते. ज्याचा परतीचा दिवस तो येण्याच्या आधीच घरातल्या लहानथोरांना पाठ असतो, त्याला काय म्हणावं?

मी यावर एक कसोटी काढली आहे. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना मिळून एकच शब्द आहे. आपल्या भाषेनं मात्र इथे फार बारीक कात्री चालवली आहे. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटलं की बाहेर. धाकटा उतरल्यापासून मी कानांनी खतावणी ठेवतो. पहिले चार दिवस 'तुमच्याकडे': तुमच्याकडे धूळ किती, तुमच्याकडे हॉर्न किती वाजवतात, तुमच्याकडे औष्णिक केंद्राची राख अजून येते का वाळत घातलेल्या कपड्यांवर. पाचव्या-सहाव्या दिवशी, बहुधा जटपुरा गेटजवळ उभ्यानं आलुबोंडा खाताना, पहिलं 'आपल्याकडे' येतं. मग आठवडाभर 'आपल्याकडे'ची चलती. शेवटच्या तीन दिवसांत, बॅगांची वजनं सुरू झाली की, 'तिकडे आमच्याकडे' हळूच वर काढतं. पुतण्यांची कथा निराळी. त्यांचं मराठी समजण्यापुरतं शाबूत आहे, पण आमच्या विदर्भाचं मराठी पुस्तकात नाही. आजीनं "भाजीत सांबार टाकते" म्हटल्यावर थोरला पुतण्या इडलीची वाट बघत बसला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्याला कळलं तेव्हा त्यानं ते लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. त्याच्या बापानं तेवढी उत्सुकता शाळेत दाखवली असती तर अमेरिकेऐवजी आणखी लांब गेला असता.

ताडोब्याला जाऊन येणं हाही या यात्रेतला एक विधीच. १९५५ साली झालेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, आमच्या दारात, आणि आम्ही चंद्रपूरकर तिथे जातो ते परगावचे पाहुणे आले तरच. मोहर्ली गेटमधून जिप्सीत बसून चार तास थंडीत कुडकुडलो. मोर दिसले, गवा दिसला, सांबर (हे खरं सांबर) दिसलं, वाघ दिसला नाही. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंनी उशिरा येण्याचं कारण सांगितलं, की त्यांच्या भावाच्या गावाला वाघ शिवारात बसून आहे आणि पाच दिवस कुणी धान चुरायला गेलेलं नाही. पुतणे म्हणाले, "आम्हाला तिथे ने." बाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेत मला निवासी आणि अनिवासी यांच्यातला फरक एका क्षणात कळला. पण तो आयकराच्या कलमात कसा बसवायचा ते कळत नाही.

असो. मुख्य मुद्दा पुढेच आहे.

२०२३ च्या जुलैत, पहिल्या जोराच्या पावसात, आई अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यातून रिक्षात बसताना तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "त्याले सांगू नको."

आता तुम्ही म्हणाल, हे खोटं झालं. झालंच. पण आमच्या घरात खऱ्याचाही एक अनुभव घेऊन झालेला होता. २०१६ साली बाबांना हृदयाचा झटका आला तेव्हा आम्ही त्याच तासाला धाकट्याला फोन केला. तो मिळेल त्या विमानानं, मिळेल त्या भावात, तीन दिवसांत नागपूरच्या दवाखान्यात हजर झाला. तोवर बाबा उठून बसले होते आणि पेज पीत होते. त्याला बघताच जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेल्या त्या गृहस्थानं "केवढ्याचं तिकीट पडलं?" हा प्रश्न विचारला, आकडा ऐकला आणि अर्धा तास त्याची खरडपट्टी काढली. धाकटा दहा दिवस राहून, रजा संपली म्हणून परत गेला. त्यानंतर अकराव्या दिवशी बाबा गेले. या वेळी तो पोचला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. तेव्हापासून आईचा सत्यावरचा विश्वास उडाला. "सांगून का झालं?" ती विचारते, आणि या प्रश्नाला मला तरी उत्तर सापडलेलं नाही.

जे दुःख आपण निवारू शकत नाही ते कळण्याचा हक्क माणसाला असतो का? मी हा प्रश्न बँकेत जेवणाच्या सुट्टीत टाकून पाहिला. आमचे कॅशियर म्हणाले, असतो, कारण लपवलेली तूट पुढच्या तपासणीत व्याजासकट निघते. लवकरच निवृत्त होणाऱ्या एका साहेबांचा मुलगा मेलबर्नला आहे. ते डबा बंद करीत म्हणाले, "माझी बायपास झाली ते त्याला अजून माहीत नाही. शर्टाची वरची गुंडी लावून बसतो फोनवर." मग त्यांनी आम्हाला गुंडी उघडून दाखवली. त्यानंतर चर्चा पुढे सरकली नाही.

तेव्हा आमच्या घरीही सहा आठवडे हा प्रयोग चालला. रोज सकाळी, म्हणजे त्याच्या रात्री, व्हिडिओ कॉल. हा कॉल म्हणजे दुसरं तिसरं काही नसून हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरात आई बाबांच्या पेन्शनसाठी बँकेत येते आणि आपण जिवंत आहोत असं लिहून देते. तो कागद तुम्ही आहात एवढंच विचारतो, कशा आहात ते विचारत नाही. तसंच याचंही. मी फोन धरायचा, आईनं "निस्ता चेहरा घे" म्हणायचं, आणि प्लास्टरचा हात पदराखाली. निरोप घेताना ती डावा हात हलवायची. एकदा तिकडून सूनबाईंनी विचारलं, "आई, तुम्ही डावखुऱ्या कधी झालात?" आई अडखळली नाही. "डाक्टरनं सांगितलं, डाव्या हातानं काम केलं का म्हातारपनी डोकं तल्लख राह्यते." दुसऱ्या दिवशी धाकट्यानं याच विषयावरचा एक इंग्रजी लेख कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला.

डिसेंबरापर्यंत हात बरा झाला होता, थोडा वाकडा राहिला एवढंच. आम्हाला वाटलं, खपलं. चौथ्या दिवशी सकाळी धाकट्यानं करंज्यांचा डबा उघडला, एक करंजी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत बसला.

"आई, ह्या करंज्यांना मुरड नाही."

खरंच नव्हती. आईच्या करंजीची मुरड ही आमच्याकडची नामांकित गोष्ट. वेणीसारखी बारीक, एका मापाची. या वर्षी करंज्यांच्या कडा कातणीनं कापलेल्या होत्या. मी नोव्हेंबरापासून त्या खात होतो, चव उत्तम होती, मला काही दिसलं नव्हतं. पाहुण्याला तर दिसणंच शक्य नाही.

त्यानं आईचा उजवा हात हातात घेतला, पालथा केला, आणि मग जे झालं ते चौदा वर्षांत झालं नव्हतं. तो रागावला तेव्हा त्याच्या 'मला'चं 'मले' झालं. "मले काहून नाही सांगतलं? मी का परका आहो?" आई शांतपणे म्हणाली, "सांगून का केलं असतं तू?" तो म्हणाला, "आलो असतो." आई म्हणाली, "हाडाले जोडाले?" मग तो माझ्यावर घसरला. मी दिवसभराच्या नोंदी तपासायच्या आहेत असं सांगून बँकेत गेलो, आणि तो दिवस रविवार होता.

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही वडशाकडच्या आमच्या मूळ गावी गेलो, कारण गावात शंकरपट होता आणि रात्री नाटक होतं. ज्यांना आमची झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. ज्या गावात मंडई त्या गावातल्या प्रत्येक घरी पाव्हणे, आणि रात्री नाटक. दहा वाजता पडदा उघडतो तो पहाटे पडतो. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत चैन म्हणून नसतात. यात एक गंमत अशी, की नोकरीधंद्यासाठी नागपूर-पुण्याला गेलेली पोरं दिवाळीला न येता मंडईला येतात. घरटी दहा-पंधरा माणसं, अंगणात पोत्यांवर झोपलेली. तिथे कोण घरचं, कोण पाव्हणा हे विचारण्याची सोयच नसते. ताट दिसलं की बसायचं.

आणि याच मुलखात, वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावंही आहेत. मी त्या बाजूच्या एका शाखेत दोन वर्षं होतो. एक म्हातारे खातेदार दर महिन्याला यायचे. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाणार का, असं त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं, आणि केवळ शिष्टाचार म्हणून उलट विचारलं, "तुम्ही?" ते हसले आणि पैसे मोजायला लागले. दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. नोटा फक्त नऊ होत्या.

तर नाटक. त्यात एक मुलगा मुंबईला जाऊन मोठा साहेब होतो आणि इकडे आई वाट बघून बघून आंधळी होते. प्रेक्षकांत हुंदके सुरू झाले. झाडीपट्टीत ते असंच असतं. नाटकात विनोद, लावणी, मारामारी आणि हुंदके हे सगळं तिकिटाच्या पैशात. धाकटा उठून बाहेर गेला. मी मागून गेलो. तो पानठेल्याच्या उजेडात उभा होता. म्हणाला, "धूळ फार आहे तुमच्याकडे." मी गप्प बसलो. दोन चहा घेतले.

मग तो म्हणाला, "दादा, जुलैत माझी नोकरी गेली होती."

त्या वर्षी तिकडच्या कंपन्यांनी माणसं कमी केली हे मी पेपरात वाचलं होतं. पेपरात वाचलेली गोष्ट घरात असेल असं आपल्याला वाटत नाही. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली की त्याला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळाली तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळायचा. चौदा वर्षं राहून, घर घेऊन, कर भरून हे असं. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर यायला किती दशकं लागतील याचा हिशेब तिथल्या सरकारलाही सांगता येत नाही. तिथलं आयकर खातं त्याला काय म्हणतं ते त्यानं मला हसत सांगितलं: 'रेसिडेंट एलियन'. म्हणजे निवासी परका. इकडे अनिवासी आपला, तिकडे निवासी परका. खतावणीच्या दोन्ही पानांवर नाव आहे, पण शिल्लक कुठल्या पानावर काढायची?

"बावन्नाव्या दिवशी मिळाली," तो म्हणाला. "पगार कमी आहे. पण मिळाली."

"कळवलं का नाहीस?"

"कळवून काय केलं असतंस?"

मी मनातल्या मनात तारखा लावल्या. आईचं प्लास्टर जुलै ते ऑगस्ट. त्याचे बावन्न दिवस जुलै ते सप्टेंबर. म्हणजे रोज सकाळी मी जो फोन धरून उभा असायचो त्याच्या अलीकडे पदराखाली प्लास्टरचा हात, आणि पलीकडे ऑफिसातून आत्ताच आलोय अशा थाटात इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला बेकार माणूस. दोघं एकमेकांना 'मजेत' म्हणून सांगताहेत, आणि मी मधे उभा राहून उजेड नीट पडतोय ना ते बघतो आहे.

"आईला सांगू नको," तो म्हणाला.

आमच्या बँकेतलं लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक गिऱ्हाइकाकडे, एक बँकेकडे. आमच्या घरातल्या लॉकरच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच आलेल्या. हा घरी राहणाऱ्या मुलाच्या नोकरीतला एक भाग आहे, आणि त्याला भत्ता नाही.

गावाहून परतल्यावर मायलेकांचा तह झाला. यापुढे दोन्ही बाजूंनी खरं ते सांगायचं, दुखलं-खुपलं लपवायचं नाही. धाकट्यानं आईकडून तसं वचन घेतलं. आईनंही त्याच्याकडून घेतलं, आणि घेताना त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तो 'हो' म्हणून बॅगांची वजनं करायला गेला. बॅगा प्रत्येकी तेवीस किलोच्या आत बसवताना लोणच्याची बरणी दोनदा आत गेली आणि दोनदा बाहेर आली. शेवटी माझ्या पुतण्याचे बूट इथेच राहिले आणि बरणी गेली. निघताना 'जातो' म्हणायचं नाही म्हणून तो "येतो" म्हणाला. फ्रीजवरचा कागद आईनं काढून कपाटात ठेवला.

विमानतळावरून परतताना, जाम मागे टाकून वरोऱ्याच्या रस्त्याला लागलो तोवर, आई काही बोलली नाही. आनंदवनाची पाटी गेली तेव्हा म्हणाली, "पोट्टा वाळला."

"प्रवासानं."

"प्रवासानं नाही. त्या पावसाळ्यात रोज एकच निळा शर्ट घालून बसे फोनवर. कामाले जानारा मानूस रोज एकच शर्ट घालते का?"

मी गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. "तू विचारलं नाहीस?"

"विचारून का करतं," आई म्हणाली, आणि भद्रावतीपर्यंत झोपली.

जानेवारीत थंडी वाढली आणि आईला खोकला झाला. साधा, घशातला. तह ताजा होता, म्हणून आईनं वचनाला जागून फोनवर सांगितलं, "खोकला झाला रे बाप्पा थोडा." त्या दिवसापासून दिवसाला चार फोन. तिकडच्या एका ओळखीच्या डॉक्टरांचा सल्ला, त्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांचा सल्ला, छातीचा एक्स-रे काढून पाठवा असा हुकूम, आणि सूनबाईंनी पाठवलेल्या काढ्याच्या तीन कृती. खोकला पाचव्या दिवशी गेला. सहाव्या दिवशी पार्सलं यायला लागली. आधी बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र, मग वाफ घ्यायचं यंत्र, मग त्याहून मोठं वाफ घ्यायचं यंत्र, बहुधा पहिलं पोचलं नसेल या भीतीनं. चौथ्या खेपेला कुरिअरवाला पोरगा मोठा खोका ओट्यावर ठेवून, घाम पुसत, काळजीनं म्हणाला, "काकू, घरी कोनी जास्तीच बिमार आहे का?"

आईनं डाव्या हातानं सही केली.

"कोनी नाही बाप्पा. सारे मजेत."